डावरीचं लग्न

मी भटजी नाही. लग्न लावण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. तरीही बारामतीच्या भरल्या तंबूत मी एका विलायती नटीचं लग्न लावून बसलो. माझा स्वभाव मुळातच असा, की शेजारच्या कोंबडीनं अंडं घातलं नाही तरी आपलंच काही चुकलं असेल असं वाटून मी कासावीस होतो. हे तर खरोखर माझ्याच तोंडून घडलं होतं.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. हिवाळा लागला की कॅनॉलपलीकडच्या माळावर सिनेमाचा तंबू पडायचा. तंबूचे मालक आधी जत्रांमधून बांगड्या भरायचे, सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात त्यांच्या हातांतून गेलेले, त्यामुळे सासवा सुनांना त्यांच्या तंबूत पाठवायला फारशा कचरत नसत. पडदा तंबूच्या मधोमध असायचा. एका अंगाला पुरुष आणि त्यांच्यामागे यंत्र, पडद्याच्या दुसऱ्या अंगाला बायका. खेळाआधी दोन गडी पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार उमटायचं. बायकांना ते उलटं दिसे, एवढंच.

माझं काम पडद्याच्या कडेला खांबाला टेकून उभं राहायचं आणि चित्रात काय चाललंय ते दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं मराठीत ओरडून सांगायचं. बोलपट आले तेव्हा वाटलं, आता आपण घरी बसणार. पण पडद्यावरची माणसं इंग्रजीतून बोलायला लागली आणि मला आधीच्या दुप्पट ओरडावं लागलं.

चाचांना मुंबईहून फिरून फिरून ओरखडलेली रिळं मिळत. दौंडवरून छोट्या गाडीनं पत्र्याच्या पेट्या यायच्या. त्यांत विलायतेत निघालेली चित्रं पुष्कळ असत. अमेरिकेच्या नट्या तोंडात सुपारी धरल्यासारख्या बोलायच्या. विलायतेच्या नट्या रंगभूमीवर घडलेल्या, त्या शब्द न् शब्द निवडून ठेवल्यासारखा बोलत. त्या मला कळायच्या म्हणून मला आवडायच्या. यात कलेची जाण किती आणि स्वतःची सोय किती, हा प्रश्न मला अजून टोचतो.

त्यातलीच ही एक. पहिल्यांदा ती एका मूकपटात दिसली. मोलकरणीचं काम. चहाचा ट्रे घेऊन येते, ठेवते, जाते. पण जाता जाता तिनं मालकिणीकडे असं काही पाहिलं, की पडद्यामागून आक्कांचा आवाज आला, “ही पोरगी काय ताटं उचलत ऱ्हानार न्हाय.”

आक्का म्हणजे आमच्या आळीच्या कर्त्या बाई. कॅनॉलकाठी त्यांचा मोठा ऊस होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं. त्या निघाल्या की आळीतल्या सगळ्या बायका निघत, त्या थांबल्या की थांबत. आमच्या घरीही माझी आई माझ्या बायकोला तेवढ्याच आधारावर सोडायची. “आक्का हायत न्हवं? मग जा.” बायकोचं माहेर इंदापूर. बारामतीत तिला ना बहीण, ना मैत्रीण. आठवड्यातली ती एक संध्याकाळ एवढंच तिचं स्वतःचं होतं.

आक्कांचं भाकीत खरं ठरलं. पुढच्या हिवाळ्यात ती नटी दुकानात टोप्या विकताना दिसली, मग नायिकेची मैत्रीण झाली, आणि बोलपट आल्यावर एकदम नायिका. बायकांनी तिचं नाव पाडलं डावरी. त्यांच्या बाजूनं ती सगळं डाव्या हातानं करायची ना! मी एकदा समजावून सांगितलं, की ती उजव्या हाताचीच आहे. “आमच्याकडनं डावरी हाय,” आक्का म्हणाल्या, आणि विषय मिटला. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मागं बरीच कुजबुज झाली. कुणी म्हणालं घोगरा आहे. आक्का म्हणाल्या, “घोगरा न्हाय, भरीव हाय. मालकिनीचा आवाज असाच पायजे.” पुण्याच्या कॅम्पातून मी इंग्रजी सिनेमासाप्ताहिकांचे जुने अंक आणायचो. ती अमेरिकेला गेल्याचं त्यात वाचलं आणि घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “म्हणजे नांदायलाच गेली की. तिकडं धड जेवायला घालतात की नाही कोण जाणे.”

अशात एक चित्र आलं, त्यात शेवटी डावरीचं लग्न होतं. पहिला खेळ संपवून मी घरी येऊन हे बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात आला, पडद्यावर चर्चची दारं उघडली, आणि पडद्यामागून सर्रकन आवाज आला. ओल्या पडद्यावर काहीतरी येऊन चिकटत होतं. हळदीकुंकवात रंगवलेली ज्वारी! माझ्या बायकोनं आक्कांना सांगितलं होतं आणि आक्कांनी साऱ्या आळीला. बायका अक्षता घेऊन आल्या होत्या. डावरीच्या पांढऱ्या झग्यावर लाल ठिपके उमटले. मला काय झालं कुणास ठाऊक. मी घसा साफ केला आणि मंगलाष्टका सुरू केल्या, अगदी तालासुरात, “सावधान” सकट. पुरुषांनीही टाळ्या पिटल्या. चाचा यंत्राजवळून ओरडले, “मास्तर, जेवान कुठं हाय?” दुसऱ्या सकाळी तंबूत चिमण्यांची पंगत बसली होती.

पंधरवड्यानं पुढची पेटी आली. डावरी बागेत बसलेली. शेजारी एक मिशाळ गडी. त्यानं तिचा हात ओठांना लावला आणि ती लाजली.

पडद्यामागून आवाज आला, “मास्तर, ह्यो कोन?”

“आक्का, हा सरदार आहे. त्याचं तिच्यावर प्रेम आहे.”

“आनि तिचा नवरा?”

खरं सांगावं म्हणून मी म्हणालो, “आक्का, रिळं आपल्याकडं मागंपुढं येतात. हे चित्र लग्नाच्या आधी काढलेलं आहे.”

“म्हंजी ह्याच्यासंगं बागंत बसली, मग त्याच्याशी लगीन केलं, आनि ते तुमी लावलं व्हय?”

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. पलीकडं चपला शोधल्याचा, काकणांचा, मुलं उचलल्याचा आवाज झाला. उरलेलं चित्र मी निम्म्याच तंबूला समजावून सांगितलं.

त्यानंतर आक्का आल्या नाहीत. त्या नाहीत म्हणून कुणीच नाही. घरी आईनं शांतपणे सांगितलं, “आक्का जात न्हायत तर तू एकली कशाला?” तंबूच्या वेळेला बायको तांदूळ निवडायला बसायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. मला ते पाहवेना. माझ्या हौशीपायी तिची संध्याकाळ गेली होती.

शेवटी मी गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता आणि आक्का वाफेच्या आड उभ्या होत्या.

“आक्का, माझं चुकलं. ते सगळं सोंग असतं. नाटकातल्यासारखं.”

“आमाला कळत न्हाय व्हय?” त्या म्हणाल्या. “जत्रंत बापई लुगडं नेसून नाचतो, त्याची काय आमी ओटी भरतो? डावरी सोंग करती, पोटासाठी करती, त्यात काय वंगाळ न्हाय. पर अक्षता देवाम्होरं ठिवून आनल्या हुत्या, मास्तर. त्या खऱ्या हुत्या. तुमचं सावधान खरं हुतं. आता ती दुसऱ्यासंगं बसल्याली आमी कुठल्या डोळ्यानं बघावी?”

त्यांनी पानावर गरम गूळ दिला, तो खाऊन मी परत आलो.

या पेचावर उत्तर निघालं ते परसात. बायको धुणं वाळत घालत होती. माझं धोतर पिळायला दोघं दोन टोकांना होतो. तिनं ते दोरीवर टाकलं, पसरलं, आणि आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो.

“अहो,” पलीकडून ती म्हणाली, “हलू नका.”

“काय झालं?”

“आपल्या लग्नात मला असेच तुमचे नुसते पाय दिसत होते. अंतरपाटाखालून. लग्न कधी लागतं हो? अंतरपाट दूर होतो तेव्हाच ना?”

“हो. तेव्हाच.”

“मग चाचांचा पडदा कुठं दूर झाला?”

मी धोतर बाजूला सारलं. ती हसत होती, कितीतरी दिवसांनी.

तिला घेऊन मी तसाच गुऱ्हाळावर गेलो. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमकी शंका काढली. “अंतरपाट नवरानवरीच्या मधी असतुया. ह्यो पडदा तर आपल्या नि त्यांच्या मधी.”

बायको म्हणाली, “आक्का, डावरी कुणाच्या बाजूची?”

“आपल्या.”

“आणि नवरदेव गड्यांच्या बाजूचा. मधी कापड. मास्तरांनी मंगलाष्टका म्हटल्या, आपण अक्षता टाकल्या, पण कापड आहे तिथंच आहे.”

आक्का एकदम खो खो हसल्या. “व्हय की गं! अंतरपाट धरल्यालाच हाय अजून. न्हाय लागलं लगीन!” पण आक्का म्हणजे आक्का. त्यांनी लगेच अट घातली. इथून पुढं स्थळ त्या बघणार. पसंत पडलं, की चाचांनी पडदा खाली घ्यायचा.

चाचांनी कपाळाला हात लावला. “मास्तर, पडदा खाली घेतल्यावर सिनेमा काय तुमच्या पाठीवर दावू?” पण रिकामा जनाना त्यांनाही सलत होता. ते कबूल झाले.

त्यानंतरचे दिवस फार आनंदाचे गेले. बायका परत आल्या आणि डावरीसाठी स्थळं पाहणं सुरू झालं. एक लॉर्ड होता, त्याला आक्कांनी सिगारेटवरून काढला. एक फौजी अधिकारी दिसायला बरा होता, पण तो जेवताना वर्तमानपत्र वाचायचा. “बायकू वाढतीया आनि ह्यो कागुद बघतुया. न्हाय.” एका चित्रकाराला घर नव्हतं. पुरुषांची बाजूही चेव येऊन आपापल्या नवरदेवाची वकिली करायची. “आक्का, घोडं बगा की त्याचं!” “घोड्याशी लावायचं हाय का लगीन?” चित्रात डावरीचं त्या त्या माणसाशी लग्न होत असे, पण आमच्याकडे ते लागत नसे. मी कथा सांगत असे आणि मागं नकार ठरत असे. मलाही त्यात गोडी वाटू लागली होती. वाटावी की नाही, याचा विचार मी रात्री करायचो.

चैत्रात तंबू इंदापूरला गेला. जत्रेपुरता मुक्काम, मग पावसाळाभर बंद. तिथल्या शेवटच्या खेळासाठी जी पेटी आली तिच्यात डावरीचं नवं चित्र होतं. अमेरिकेत तिचं काही फारसं जमलं नव्हतं. ती परत विलायतेला आली होती आणि आल्यावरचं हे पहिलंच. बायको म्हणाली, “माहेरी आली.” आक्कांनी सर्व्हिस मोटार ठरवली. बारामतीपासून इंदापूरपर्यंत बायका गाणी म्हणत आल्या, अगदी वऱ्हाडासारख्या. उतरल्या त्या थेट माझ्या सासुरवाडीत, आणि माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना पिठलंभाकरी वाढली.

चित्रात डावरी थोडी थोराड दिसत होती. डोळ्यांखाली सावली होती. पण चालणं असं भारदस्त, की ट्रे आणणारी हीच का ती, असं वाटावं. नायक खेड्यातला डॉक्टर. दिसायला साधा, केस विरळ. एकदा ती दमून येते तेव्हा तो उठतो, चहा करतो आणि कप तिच्या हातात देतो.

मी सांगायचं विसरून पाहत राहिलो. पडद्यामागून आवाज आला, “मास्तर, चा त्यानं केला?”

“हो आक्का. त्यानं.”

“तिनं न सांगता?”

“न सांगता.”

पलीकडं थोडी कुजबुज. मग आक्का म्हणाल्या, “चाचा, ह्यो चालंल.”

चर्चची दारं उघडली तसा मी खांब सोडून ताठ उभा राहिलो. या वेळी दोन्ही बाजूंनी अक्षता पडत होत्या, गड्यांनीही खिशातून आणल्या होत्या. शेवटचं “सावधान” म्हटलं, चाचांनी दोरी सोडली, आणि पडदा खाली आला.

कुणालाच ठाऊक नव्हतं पुढं काय दिसेल. प्रकाश थांबला नाही, तो सरळ पलीकडं गेला. डावरी आता बायकांच्या अंगावर होती. कुणाच्या पदरावर तिचा झगा, कुणाच्या कडेवरच्या पोरावर तिची फुलं, आक्कांच्या कपाळावर तिचा हलता चेहरा. इतकी वर्षं तंबूत ज्यांचा नुसता आवाज ऐकत होतो त्या बायका समोर उजेडात बसल्या होत्या, आणि त्याही आम्हाला पाहत होत्या. माझी बायको पुढच्याच रांगेत होती. तिच्या खांद्यावरून डॉक्टरचा हात सरकत गेला. तिनं मूठ भरून ज्वारी उचलली आणि नेम धरून माझ्या तोंडावर मारली. सारा तंबू हसला.

चित्राचा शेवट कुणीच पाहिला नाही. चाचांनी बत्ती लावली आणि गूळ वाटला.

पुढच्या हिवाळ्यात तंबू पुन्हा बारामतीला आला. पहिल्याच पेटीत डावरी होती, आणि नेमकी दुसऱ्याच कुणाची तरी बायको झालेली. मी म्हणालो, “आक्का, हा तिचा... म्हणजे या चित्रातला...”

“सांगा की मास्तर,” पडद्यामागून आवाज आला. “अडखळता कशापायी? लगीन झालं, डाक्टर घरी हाय. कामावर तर जायालाच लागतंय तिला.”