एक वाजताचं फाटक

"मले का मालूम?" एवढं म्हणून ते खांद्यावरचा दुपट्टा झटकायचे आणि विचारलेलं काम करायला निघायचे.

चहा मिळेल का, असं विचारलं तरी "मले का मालूम?" आणि पाच मिनिटांत चहा पुढ्यात. तळ्याकाठच्या भाड्याच्या लाकडी केबिनींचे ते चौकीदार. किल्ली देण्याआधी गादी उलटी करून विंचू बघायचे, मग पायरीवरचे बूट आपटायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तोंडानं हात वर करतात आणि काम करून मोकळी होतात.

शेजारच्या केबिनीत पुण्याची मंडळी होती. त्यातल्या बाईंनी घाबरून विचारलं, "अहो, तळ्यात मगर आहे का?"

"मले का मालूम? मी वरतं राह्यतो."

मी काही हौसेनं गेलो नव्हतो. केबिनी बांधल्यावर ठेकेदारानं काठाला तारेचं कुंपण घातलं आणि खालच्या वस्तीच्या जनावरांची पाण्याची वाट बंद झाली. वस्तीचा हापसा उन्हाळ्यात कोरडा. पाहुण्यांनी तळ्यात बोटी फिरवायच्या आणि शेळ्यांनी तारेबाहेरून बघायचं! आमच्या संघटनेला यावर पत्रक काढायचं होतं, म्हणून मी पाहुणा बनून दोन दिवस केबिन घेतली.

चौकीदार काकांनी मला पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. "फिरायले आलेला माणूस सोताचे फोटो काढते. तुमी कुंपणाचे काढून राह्यले."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मॅनेजर जेवायला गावात गेला. काका टॉवेल घेऊन मागच्या फाटकाकडे अंघोळीला निघाले आणि जाताना फाटकाची साखळी काढून तशीच लोंबती ठेवली. दोन मिनिटांत शेळ्या आत. मागून काठी घेऊन एक म्हातारी. शेळ्या प्यायल्या, गेल्या. मग काकांनी निंबाची फांदी घेऊन खुरांचे ठसे आणि लेंड्या झाडल्या, साखळी लावली आणि खरंच अंघोळ केली.

मी चिडलो. "काका, ही दया झाली. पाणी त्यांचा हक्क आहे. चोरून कशाला प्यायचं?"

"पेतात ना?"

"उद्या तुम्ही नसलात तर?"

"मंग तवाचं तवा."

"हे लिहिलंच पाहिजे."

यावर ते दुपट्टा न झटकता उभे राहिले. "लिहू नका भाऊ. कागदावर आलं का कुलूप येते."

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"शेळ्या वाचत नाहीत. मॅनेजर वाचते."

मी लिहिलं. नाव टाकलं नाही, याचा मला अभिमानच होता. 'माणुसकी असलेला एक चौकीदार दुपारी एक वाजता फाटक उघडतो, मग सरकार का उघडत नाही?' हे वाक्य बैठकीत सगळ्यांना आवडलं. दुसरबीडच्या रस्त्यावर चहाच्या हॉटेलांतून पत्रक हातोहात गेलं. त्या केबिनींना चौकीदार एकच होता, हे मला लिहिताना सुचलं नाही.

आठवड्याच्या आत ठेकेदारानं त्यांना काढलं. आम्ही जाहीर निषेध केला. ते पत्रकही मीच लिहिलं.

मे महिन्यात मी पुन्हा तीच केबिन घेतली. नवा चौकीदार तरणा, गणवेशातला. काय विचाराल त्याचं लगेच उत्तर देतो.

"जुने काका कुठं असतात?"

"मोताळ्याकडं गेले सर, लेकीपाशी."

मोताळा काही फार लांब नाही. मी गेलो नाही.

एक वाजता मागच्या फाटकाशी गेलो. साखळीत मोठं कुलूप होतं. शेळ्या तारेला तोंडं लावून उभ्या होत्या. त्यांच्यामागे ती म्हातारी. मला ती ओळखत नव्हती. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "भाऊ, चाबी हाय ना तुह्यापाशी?"

"ही केबिनची आहे, आजी."

"दे तं इकडं."

मी तारेतून दिली. तिनं ती कुलपात घालून पाहिली, दोन्हीकडे फिरवून पाहिली, आणि पदराला पुसून मला परत दिली.