मशेरीची डबी घेऊन ये, पण ये

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी गुजराती मुलखातल्या तरसालीच्या एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. दर मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असे. समोरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, तेव्हा गुटख्याच्या रंगीत पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकू लागल्या होत्या. आमच्याकडे येणाऱ्या बायकांची सवय मात्र जुनी, मशेरीची. तंबाखू भाजून केलेली काळी पूड बोटाने दातांना चोळायची.

त्यांत खानदेशातून आलेली एक भाजीवाली होती. पाचवा महिना लागलेला. आधीचं बाळ फार कमी वजनाचं जन्मलं आणि महिनाभरात गेलं होतं. आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तिचे दात पाहिले आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "हे सोडायचं आणि मगच इथे यायचं." ती खाली मान घालून गेली. पुढे दोन तपासण्या तिने चुकवल्या.

मग मीच तिच्या हातगाडीवर गेले. वांगी निवडता निवडता विचारलं, "आली नाहीस?"

"बाईंनीच सांगितलं ना बेन, सोडून ये म्हणून. सुटत नाही, मग येऊ कशी?"

म्हणजे तिने आमचं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. मला हसू आलं आणि लाजही वाटली. म्हटलं, "डबी घेऊन ये, पण ये."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, चिडतील. पण त्यांनी तिचा केसपेपर पुढे ओढला. "मला वाटलं, धाकाने सुटेल," त्या म्हणाल्या. "आता आधी वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके. मशेरीचं सगळ्यात शेवटी, आणि तेही दार लावून."

घरी जेवताना मी हे सांगत होते. सासूबाई वाढत होत्या. संस्थानी नोकरी केलेल्यांचं आमचं घर, सगळं कसं रीतीप्रमाणे. ताटं उचलल्यावर त्या मला आत घेऊन गेल्या आणि लुगड्यांच्या घडीतून एक चपटी डबी काढली. "मला विचार ना, कशी सुटत नाही ते. तिला एकदम सोड म्हणू नका. एकेक कमी करू दे."

इतक्या वर्षांत मला पत्ता नव्हता. त्यांच्या मुलाला होता, म्हणे.

पुढच्या मंगळवारी सासूबाई रिक्षाने दवाखान्यात हजर. भाजीवालीच्या शेजारी बाकावर बसल्या. "दिवसाला किती वेळा?"

"सहा," ती पुटपुटली.

"माझं चार."

"तुम्हीपण, आजी?" तिने पहिल्यांदा मान वर केली.

दोघींचं ठरलं. थोडी थोडी कमी करायची, तल्लफ आली की भाजलेली बडीशेप चघळायची, आणि मंगळवारी एकमेकींना खरं सांगायचं. एका मंगळवारी ती पडक्या चेहऱ्याने आली. "आजी, चारवर आणलं होतं, या वेळी परत सहा झालं."

"माझंही वाढलं. भाचीचं लग्न होतं," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. दारात उभ्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. वजन वाढलं होतं. मला त्याहून बरं वाटलं ते याचं, की सहावर गेल्यावरही ती आली होती.

हळूहळू आणखी दोघी-तिघी त्या बाकाकडे सरकल्या. कोणी कमरेची डबी दाखवी, कोणी नुसतंच ऐके. तपासणी मात्र कोणी चुकवेना.

आठव्या महिन्यात भाजीवालीची मशेरी सुटली. मुलगी झाली, चांगली अडीच किलोच्या वर. दीड महिन्याने डोस द्यायला आणली तेव्हा तिने लेक आधी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"तुमचं किती राहिलं, आजी?"

"एक. दुपारचं."

"तेवढं कधी सोडणार?"

सासूबाई बाळाचं टोपरं नीट करण्यात एकदम गुंतून गेल्या.