काही नाही गं

तिशी ओलांडली आणि माझे कान जायला लागले. एकदम नाही. आधी बायकांचे आवाज पुसट झाले, मग फोन, मग चारचौघांतलं सगळंच बोलणं. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या यंत्रातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू यायची.

मी रत्नागिरीत दादा-वहिनींकडे राहत होते आणि तिथल्याच एका कार्यालयात टायपिस्ट होते. जेवताना हशा पिकायचा. मी विचारायचे, "काय झालं?" वहिनी हात झटकून म्हणायची, "काही नाही गं." दादा म्हणायचा, "मग सांगतो." ते 'मग' कधी उजाडलं नाही. पुन्हा विचारलं की सगळ्यांचे चेहरे आंबट.

शेजारच्या काकू वारल्या तेव्हा घरातले सगळे जाऊन भेटून आले. मला कुणी सांगितलंच नाही. मी आठवड्याभराने त्यांच्या सुनेला कुंपणाशी गाठून हसत विचारलं, "काकू दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?" तिने डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मला उमगलं. घरी येऊन मी वहिनीला जाब विचारला.

"आम्हाला वाटलं, तुला कळलं असेल," ती म्हणाली.

कशातून कळणार होतं?

त्या दिवसापासून मी ताट घेऊन पडवीतल्या खोलीत जेवायला लागले. दार लावलं, पुस्तक उघडलं. आणि खरं सांगते, बरं वाटलं. लग्नं सोडली, हळदीकुंकू सोडलं. नातेवाईक म्हणायचे, एकलकोंडी झाली. झाली म्हणे! जणू आपोआपच.

पुढे कार्यालयाचे ईमेल पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी स्टँडमागच्या सायबर कॅफेत जावं लागे. सौदीहून परतलेल्या एका चाचांनी तो काढला होता. कुवेत-दुबईतल्या नवऱ्यांशी बोलायला बायका तिथे यायच्या, माइक तोंडाशी धरून मोठमोठ्याने बोलायच्या. मला त्याचा त्रास नव्हता. एकदा काम लवकर आटपलं म्हणून मी बहिरेपणाविषयी शोधलं आणि ऐकू कमी येणाऱ्यांचा एक गट सापडला. सगळे इंग्रजीत लिहीत होते. त्यात अकोल्याची एक बाई होती. मुलं पाठीमागे नक्कल करतात म्हणून तिने शिक्षिकेची नोकरी सोडली होती. आम्ही दोघी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागलो. त्या पडद्यावर मला कुणालाही 'काय?' म्हणावं लागत नव्हतं.

मी तिला लिहिलं, मला एकटं राहायला आवडतं. तिचं उत्तर आलं: "खोलीत बसायला आवडतं, की पंगतीत बसवत नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो."

मी चिडून उठले. पुढच्या आठवड्यात तिला लिहिलं, दोन्ही खरं आहे.

मग कुणीतरी दादाच्या कानावर घातलं की बहीण कॅफेत पडद्याआड बसून कुणाशी तरी चॅटिंग करते. तो पडवीत आला. उजेडात, माझ्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "लोक काय म्हणतील, याचा विचार केलास?"

मला शब्दन् शब्द कळला.

"म्हणजे तुला असं बोलता येतं!" मी म्हणाले. "मग इतकी वर्षं जेवताना का नाही बोललास?"

"आवाज चढवू नकोस."

"किती चढलाय ते मला कळत नाही, दादा. तूच सांग."

तो निघून गेला. मी माझ्या पगारातून कॉम्प्युटर घेतला, पडवीत वेगळी फोनलाइन घेतली. दादाने माझ्याशी बोलणं सोडलं. ते माझ्या लक्षात यायलाच बरेच दिवस लागले.

लोक म्हणतात, इंटरनेटने तुला आधार दिला. या वाक्याने माझं डोकं फिरतं. अकोल्याच्या त्या बाईने मला जे दिलं ते घरातल्या कुणालाही देता आलं असतं, नुसतं माझ्याकडे तोंड करून.

आंब्याच्या दिवसांत ती रत्नागिरीला आली. पडवीत आम्ही समोरासमोर बसून मोठ्याने बोलत होतो, हसत होतो. वहिनी आंबे कापून घेऊन आली आणि दारातच थबकली. मग आत येऊन माझ्या मैत्रिणीला तिने विचारलं, "हिच्याशी कसं बोलायचं हो?"

"त्यांनाच विचारा की," मैत्रीण म्हणाली. "समोरच बसल्यात."

वहिनी माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्या हातातली आंब्यांची ताटली घेऊन मैत्रिणीपुढे ठेवली. मला इतका संताप आला होता! हे विचारायला घरात अकोल्याहून बाई यावी लागली.