घरातील सर्वांना

डॉ. अनंतराव सावरगावकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात शिकलेसवरलेले पुष्कळ लोक लिहिणार आहेत. मी त्यांचा कंपाउंडर. त्यांच्या दवाखान्यातलं औषध माझ्या हातून गेलं, म्हणून मला लिहिण्याचा हक्क आहे असं मी समजतो.

डॉक्टरसाहेबांसमोर मी पहिल्यांदा बसलो तो पेशंट म्हणून. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. माझ्या कमरेला नायटा होता आणि पिशवीत सहा ट्यूबा. साहेबांची पद्धत तेव्हाही तीच होती, आजही तीच आहे. आधी हात धुतात, मग म्हणतात, "पिशवी उलटी करा." दुखणं नंतर, आजवर काय काय चोपडलं ते आधी टेबलावर यायला पाहिजे. मी दहावी नापास, पण छापलेलं दिसलं की वाचल्याशिवाय सोडत नाही. एकेक ट्यूब उचलून तिच्यात काय किती टक्के आहे ते मी म्हणून दाखवलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"सहापैकी चारात स्टेरॉइड आहे, हे आत्ता तुम्हीच मला वाचून दाखवलंत. मग लावलं काहून?"

"लावलं की खाज थांबायची, साहेब."

"खाज थांबायची आणि नायटा आतून पसरायचा. विझलं समजून तुम्ही निखाऱ्यावर राख झाकत होता."

सहाही ट्यूबा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. एक गोळी लिहून दिली, जेवण झाल्यावर दुधाबरोबर घ्यायची, आणि खाज गेली तरी सांगेपर्यंत थांबवायची नाही. मी एक दिवस चुकवला नाही. कंबर साफ झाली त्या दिवशी साहेब म्हणाले, "दत्ताराव, वाचता तर आहातच. शिकता का?" त्या दिवसापासून मी दवाखान्यात आहे. मला 'राव' म्हणणारे ते पहिले.

मलम करायला त्यांनी मला हात धरून शिकवलं. खरजेचं गंधकाचं मलम घ्या. शंभर ग्रॅममध्ये सहा ग्रॅम गंधक. ते एकदम व्हॅसलिनमध्ये टाकून ढवळायचं नाही. आधी काचेवर चिमूटभर व्हॅसलिनमध्ये गंधक घोटायचं, कण राहता कामा नये, मग थोडं थोडं बाकीचं मिसळायचं. झालं की मनगटाच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघायचं. खरखर लागली तर परत काचेवर. साहेब स्वतः बोट फिरवून बघत. पहिल्या महिन्यात बहुतेक घाणे परत गेले. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी बघणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या मनगटावर माझा भरवसा आहे." ह्या वाक्यावर मी आजही जगून राहिलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

आठवडी बाजाराच्या दिवशी साहेब औंढ्याला बसत. तिथे शिरड शहापूरकडच्या एका धनगर घरातल्या सखुबाई आल्या. त्या, त्यांचा लेक, सून आणि सुनेच्या कडेवर पाच महिन्यांची नात. चौघांनाही खरूज. लेकराच्या तळहातावर, तळपायावर पुटकुळ्या. रात्रभर रडायचं, दूध पिता पिता अंग घासायचं, वाळत चाललं होतं. साहेबांनी मोठ्यांना लावायचं औषध, लेकराला मलम लिहिलं. मी मोजून दिलं. पंधरा दिवसांनी ते परत आले, तसेच. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा सखुबाई आल्या त्या दवाखान्याच्या बाहेरच थांबल्या आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या.

"ह्या कंपाउंडरनं दवाईत पानी घातलं व्हय! दोन डाव लावली, तरी लेकरू रडून राहिलं. डाक्टर देव हाय, पर ह्यो पानीवाला बसवलाय दारात!"

रांगेतले हसले. एक जण म्हणाला, "मामी, पानी तरी गाळून घातलं का नाही इचारा." माझ्याजवळ शिक्षणाचा कागद नाही. जे आहे ते हे, की माझ्या हातचं माप बरोबर असतं. तेही गेलं तर मी दवाखान्यात उभा कशावर राहणार? मी बाटली उचलून साहेबांसमोर ठेवली. "साहेब, तपासून घ्या. पाणी निघालं तर आजच घरी जातो."

साहेबांनी बाटली हातातसुद्धा घेतली नाही. सखुबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली, लेकरू स्वतःच्या मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "बाई, पेशंट संपले की तुमच्या घरी येतो. चहा ठेवा."

दुपारी आम्ही त्यांच्या वाडग्यावर, मेंढरांच्या कुंपणालगतच्या घरी, पोचलो. साहेब दारातच खाली बसले आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"नऊ."

"दवाई किती जणांनी लावली?"

"चौघांनी. ज्याला खाजतं त्यानंच. ह्यांनी तेवढ्यांचीच तर दिली मोजून." सखुबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

मला चिठ्ठी आठवली. चिठ्ठीवर साहेबांनी औषधाच्या खाली लिहिलं होतं, 'घरातील सर्वांना'. मी सखुबाईंना विचारलं होतं, खाज किती जणांना आहे? चौघांना. मग चौघांपुरतं. औषध वाया जाऊ नये, माप काटेकोर असावं, हा माझा अभिमान. दुसऱ्या खेपेलाही तेच केलं. खरजेचा किडा अंगावर आला तरी महिनाभर खाज सुटत नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी खाजेची माणसं मोजली.

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग सखुबाईंना म्हणाले, "माझ्या सांगण्यात राहून गेलं, बाई. सगळ्यांनी लावायची, गळ्यापासून तळपायापर्यंत, एकाच संध्याकाळी. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. किडा मेला तरी खाज दोन-तीन आठवडे राहील, म्हणून रोज रोज लावू नका. लेकराचं मलम वेगळं आहे, ते तीन दिवस. अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवा."

"घोंगडी न्हाई धुवायची," सखुबाई ताठ झाल्या. "आटती. आन देवाची हाय ती. मालकाच्या बापाची."

मला वाटलं आता साहेब चिडतील. ते म्हणाले, "नका धुवू. प्लास्टिकच्या पोत्यात घाला, तोंड आवळून बांधा, आठ दिवस सोडू नका. माणसाच्या अंगावाचून त्या किड्याला जगता येत नाही. घोंगडी आहे तशी राहील."

"एवढंच व्हय?" सखुबाई म्हणाल्या. "मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

घोंगडी होती त्यांच्या मालकांच्या, कोंडिबांच्या खांद्यावर, आणि कोंडिबा मेंढरं घेऊन दोन कोसांवरच्या रानात. नात रात्री त्याच घोंगडीत निजायची. साहेब ढेकळं तुडवत तिथं गेले. कोंडिबा म्हणाले, "मला काय तकलीफ न्हाई, डाक्टर. लावायचीच तर त्या काळ्या मेंढीला लावा, लई अंग घासून राहिली."

"मेंढीचा किडा निराळा, तिचा डॉक्टर निराळा," साहेब म्हणाले. "माझी मेंढी तुम्ही." म्हातारा हसला, आणि संध्याकाळी वाडग्यावर सगळ्यांबरोबर औषध लावून बसला. माणसं नऊ. मी बाटल्या मोजल्या, मोठ्यांच्या आठ. मलमाची डबी एक.

महिन्याभरानं लेकरू आलं ते सुनेच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. तळहात स्वच्छ. त्या दिवशी साहेब रांगेसमोर उभे राहून म्हणाले, "दवाई पहिल्यापासून बरोबर होती. दत्तारावांच्या बाटलीची खात्री मी देतो. सांगण्यात मी चुकलो होतो." सखुबाई म्हणाल्या, "मग पानीवाल्याला च्या पाजा की कोणी!" नाव पडलं ते पडलंच. औंढ्यात आजही मला पानीवाले म्हणतात. आता मी ओ देतो.

साहेबांनी ही गोष्ट मला कधी एकट्यातही ऐकवली नाही. वाडग्यावरून परतताना एवढंच म्हणाले, "दत्ताराव, यापुढे घरातली माणसं मोजत चला." तेव्हापासून खरजेच्या प्रत्येक बाटलीवर मी हातानं लिहितो, घरातील सर्वांना, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत माणसं काढतो.

पण रांगेसमोर मी तेव्हा गप्प राहिलो, हे खरं आहे. माझं नाव वाचत होतं, म्हणून राहिलो. साहेबांच्या नावावर एक चूक इतकी वर्षं जमा आहे जी त्यांची नाही. ती चिठ्ठी माझ्या ट्रंकेत आहे. अक्षर त्यांचं, स्वच्छ, शाईसुद्धा उडालेली नाही. ज्याला पाहायची त्यानं यावं. सांगण्यात साहेब चुकले नव्हते. देण्यात मी चुकलो होतो.

सत्काराला सखुबाई येणार आहेत. साहेबांसाठी कोंडिबांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची नवी घोंगडी विणून घेतली आहे. परवा सखुबाईंनी ती मला दाखवायला आणली होती. म्हणाल्या, "आठ दिवस पोत्यात बांधून ठेवलीय, बराबर. सांगा तुमच्या डाक्टरला."

सांगतो. आणि माझं मागणं एवढंच, की ती घोंगडी साहेबांच्या खांद्यावर पुष्कळ हिवाळे पाहो, त्यांचे हात असेच निरोगी राहोत, आणि त्यांनी लिहिलेली चिठ्ठी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला मी समोर असो. हे मागणं एकट्याचं नाही. घरातील सर्वांचं आहे.