सगळ्यांत हळू चालणारी पुढे

करी रोडच्या आमच्या टॉवरखाली दत्ताचं देऊळ आहे. चाळ पडली, देऊळ राहिलं. संध्याकाळी त्याच्याभोवती सात-आठ बायका प्रदक्षिणा घालतात, सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. आई त्यांच्यातलीच. मला त्या आवडत नाहीत. माझे कपडे, माझं मराठी, माझं लग्न, सगळ्यावर त्यांचं मत असतं, आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात असतं.

आईची शुगर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज भरभर चाला. रस्त्यावर एकटी फिरायला ती तयार नव्हती. मग मी तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि देवळाच्या कट्ट्यावर बसून पाहिलं. चालणं कसलं, रांगणं होतं ते. गुडघे दुखणाऱ्या एक मावशी सगळ्यांत पुढे, बाकीच्या निमूट त्यांच्या मागे.

"आई, त्यांना ओलांडून जा ना," मी म्हटलं. एरवी माझा आवाज दोन फुटांपलीकडे जात नाही. त्या दिवशी गेला. "यांच्या स्पीडने तुला काही फायदा नाही."

आई बिचकली, पण गेली पुढे. वाट देताना मावशी भिंतीला टेकल्या.

दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटांत वर आली. तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. घड्याळ काढून तिने माझ्या लॅपटॉपवर ठेवलं. "आता तूच चाल माझ्याबरोबर." त्यानंतर चार दिवस ती घराबाहेर पडली नाही, पलंगावर बसून राहिली.

पाचव्या दिवशी मी खाली गेले. भजनात पुढे बसणाऱ्या काकू वाती वळत होत्या.

"काय गो, स्पीड बघायला आलीस?"

"काकू, चूक माझी होती. आईवर राग नको."

"तुझे बाबा गेले तेव्हा तू कुठे होतीस?"

"बंगळुरूला."

"तुझ्या आईला पाऊल टाकवत नव्हतं. हाताला धरून खाली आणली. सहा महिने तुझी आई पुढे होती, आम्ही मागे. मावशीचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. ओलांडलं तिने?"

काकूंनी पुढची वात वळायला घेतली.

"उद्या पाठव तिला. ते घड्याळ नको."

दुसऱ्या दिवशी आई आली, रांगेत शेवटी उभी राहिली. मी कट्ट्याकडे वळले.

"तिथे काय बसतेस?" काकू ओरडल्या. "मागे उभी राहा. तोंड बंद ठेवून."

राहिले. इतकं हळू चालणं मला जमेना. दोनदा आईच्या टाचेवर माझा पाय पडला. तिने मागे वळून पाहिलं नाही.