सुमनताईंचे मेल

हे आजवर कुणाच्याच कानी घातलेले नाही. आईच्या नाही, नवऱ्याच्या नाही — आणि ज्या माणसाला सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्याच्या तर नाहीच. कविता लिहिणारी बाई मी. लोणावळ्याच्या धुक्यावर लिहिले, तव्यावर फुगणाऱ्या भाकरीवर लिहिले. या एका गोष्टीपाशी आले की मात्र शब्द दुसरीकडे वळवीत राहिले. तुम्ही समोर बसला आहात असे समजून आज ते वळू देणार नाही.

नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात ई-मेलचा सारा कारभार माझ्याकडे आहे. तेव्हा तो जोडीच्या दोन सर्व्हरवर चाले — एक दमला की त्याचे ओझे दुसऱ्याने उचलायचे. काचेआडच्या थंडगार खोलीत त्यांचा अखंड गुणगुणाट. दूरच्या घाटातून पाणी वाहावे तसा. एके वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, तो गुणगुणाट बिघडला. दुपार झाली की पहिल्याची मेमरी काठोकाठ भरे, तो गुदमरे. ओझे दुसऱ्यावर पडे आणि थोड्याच वेळात तोही गुदमरे. माल भरलेले ट्रक मेलने येणाऱ्या कागदांवाचून फाटकाशी तिष्ठत. साहेबांना कारण हवे होते.

कारण मला सापडले. ते माझेच होते. सर्व्हर जलद चालावा म्हणून मी त्याच्या मेमरीवरची मर्यादा काढून टाकली होती, आणि तीच नोंद जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली होती. एकाने दुसऱ्याचे ओझे घ्यायचे तर थोडी जागा मोकळी ठेवावी लागते — ती मी कुणाकडेच ठेवली नव्हती. मर्यादा मी गुपचूप पुन्हा घातली. एवढ्यावर सारे मिटले असते. मिटले असते ना?

पण साहेब म्हणाले, कारण काय होते? आणि मी म्हणाले — लोक वर्षानुवर्षांचे मेल साठवून ठेवतात.

हे खोटे होते. साठवलेले मेल डिस्कवर असतात, मेमरीत नव्हे. कोठीत भात किती पोती आहे, यावर ओट्यावरची जागा ठरत नाही. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. त्यांनी विचारले, सर्वांत जास्त कुणाचे? सर्वांत जास्त खुद्द साहेबांचे होते. मी यादीत त्यांच्या खालचे नाव सांगितले. बबनभाऊ, डिस्पॅच.

बबनभाऊ गावचेच, डिस्पॅचमध्ये माल रवाना करणारे; त्यांच्या शेताचा एक तुकडा कारखान्याच्या कुंपणात गेलेला. त्यांची पत्नी सुमनताई आमच्याच क्वालिटी विभागात होत्या. फोन फाटकावर जमा करावा लागे, म्हणून एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नवराबायको कंपनीच्या मेलवर बोलत. ‘आज भेंडी आहे, रागावू नका.’ ‘बस लवकर सुटणार, छत्री घ्या.’ आदल्या वर्षी सुमनताई आजाराने गेल्या. मेल राहिले.

बातमी कंपनीच्या बसमध्ये आमच्याआधी पोचली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, “काय भाऊ, तुमच्या लव्हलेटरांनी कंपनी बंद पाडली म्हणं!” सगळे हसले. बबनभाऊही हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. अंगाला खोक्यांच्या पुठ्ठ्याचा कोरडा वास. साहेबांनी जुने सगळे काढायला सांगितले होते, नाहीतर मेमो.

“ताई, डिस्पॅचचे फोटू काढा सगळे. पर सुमनचं मेल बी काढावं लागत्याल का? लय बारकी हायती वो. दोन-दोन वळी.”

त्या दोन-दोन ओळींचे वजन काहीच नव्हते. ‘राहू द्या’ एवढेच म्हणायचे होते. पण बारके मेल राहिले, तर कुणी विचारले असते — मग जड कोणते? आणि जड कशाने? त्या प्रश्नांच्या टोकाशी मी उभी होते.

“सगळेच काढावे लागतील, भाऊ,” मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. माउसवर हात ठेवला, उचलला. “न्हाई जमत. तुमीच दाबा.”

मी दाबले. पडदा पांढरा झाला. ते त्या पांढऱ्याकडे पाहत म्हणाले, “मेल्यावर बी तिचा भार कंपनीला झाला म्हनायचा.” मला धीर द्यायला हसले. मला!

अजूनही वाट होती. सगळ्या मेलची एक प्रत टेपवर उतरत असे, आणि ती टेप आळीपाळीने, जुने पुसून, पुन्हा वापरात येई. तोवर सुमनताई त्या टेपवर होत्या — भेंडी, छत्री, सारे. परत आणायचे तर साहेबांना कारण सांगावे लागले असते. उद्या सांगेन, असे म्हणत राहिले. टेपची पाळी आली. ती यंत्रात मीच घातली. आत सरकताना तिचा बारीकसा खटका झाला. तो अजून बोटांना ऐकू येतो.

मेल पुन्हा सुरळीत चालले. सगळ्यांना वाटले, बबनभाऊंनी जागा मोकळी केली म्हणून. त्यांनाही तेच वाटते. मेमो टळला तो माझ्यामुळे, असे ते सांगत फिरतात. निवृत्त झाल्यापासून दर हंगामाला स्वतःच्या शेतातला नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन लोणावळ्याला माझ्या दारी येतात. पायऱ्यांशी चपला काढतात. पाणी पितात. सुमनला ह्यो भात लय आवडायचा, म्हणतात.

ते गेल्यावर मी तांदूळ धुते. शिजू लागला की घरभर वास भरतो — ओल्या गवताचा, दुधाचा. मी ताट घेते. तो भात मी खाते.