मन्नूबियाचे रिकामे पेले

बीर रतम गावात एक जुना समज आहे. वाटेवरचा परका माणूस दारावरून कोरडा गेला, तर त्या घरची शेगडी पुन्हा नीट पेटत नाही. मन्नूबियाच्या शेगडीला ही भीती कधीच नव्हती. तिच्या पुदिन्याच्या वासानेच माणूस डांबरी रस्ता सोडून ऑलिव्हच्या झाडांखाली वळे. रुंद हाडाची बाई, हनुवटीवर हिरवे गोंदण. हसू आले की सोन्याचा दात आधी हसे आणि ती मागून. चहा ती उकळू उकळू असा काळा करी, की त्यापुढे सरकारी शाई फिकी वाटावी.

आणि गावात पाणी नव्हते.

नळ होता, नाही असे नाही. त्याच्या तोंडात चिमणीने घरटे केले होते. पाणी यायचे शेजारच्या अल-करमाहून, गाढवाच्या पाठीवर, अल-करमाच्या बायकांचे टोमणे ऐकून. अल-करमाला सरकारी टँकर येई, कारण अल-करमाला ठिपका होता.

ठिपक्याची भानगड लझहर मास्तरने आणली. तो अल-करमाच्या शाळेत शिकवी आणि उरल्या वेळात राजधानीतल्या काही मंडळींना बातम्या कळवी. अरबांच्या मुलखात जिथे जिथे लोक चिडून रस्त्यावर येतील, तिथे नकाशावर लाल ठिपका ठेवायचा, हा त्या मंडळींचा उद्योग. एकदा मन्नूबियाकडे चहा पिता पिता त्याने फोनवर तो नकाशा दाखवला. बगदाद लाल, बैरूत लाल, खार्तूमला तर गोवरच आलेला.

"सगळा मुलूख तापलाय की रे," मन्नूबिया म्हणाली. "आपण कुठं आहोत?"

मास्तरने बोट सरकवले. अल-करमावर टपोरा ठिपका. शेजारी कोरी जागा.

"तुमचं गाव गुणी आहे, मावशी. चिडत नाही."

"मेलंय, असं सरळ म्हण की!"

"तसं नाही हो. पण ठिपका दिसला की तालुक्याच्या साहेबांना वरून फोन येतो, मग टँकर हलतो. आता खोटा ठिपका कसा टाकू? रस्ता अडला पाहिजे, माणसं भडकलेली पाहिजेत, मागणी ऐकू आली पाहिजे."

एवढेच ना, म्हणून गावाने पुढच्या बाजाराच्या दिवशी निवडुंगाच्या फांद्या टाकून रस्ता अडवला. ट्रक थांबले, प्रवासी गाड्या थांबल्या, मेंढरांचा एक टेम्पो थांबला. इथवर सगळे क्रांतीसारखे झाले. पण थांबलेला माणूस म्हणजे पाहुणा. मन्नूबिया चहाचे तबक घेऊन निघाली, तिच्यामागून बाकीच्या बायका गरम भाकऱ्या आणि ऑलिव्हचे तेल घेऊन. गाढवाने आणलेले पाणी दुपारपर्यंत परक्यांच्या पोटात गेले. मास्तर मोपेडवरून पोचला तेव्हा ड्रायव्हर पत्ते खेळत होते, आणि मेंढरांचा मालक मन्नूबियाच्या नवऱ्याच्या, सादोकच्या मांडीवर डोके ठेवून घोरत होता.

"हे कुणाविरुद्ध चाललंय?" मास्तरने विचारले.

कुणालाच आठवेना. मास्तरने पाहिले तसे कळवले. राजधानीहून उत्तर आले, की ही जत्रा दिसते, जत्रेला आम्ही ठिपका देत नाही.

"बाई, तू क्रांती शिजवून वाढलीस," सादोक म्हणाला.

म्हाताऱ्यांनी बैठक घेतली. पुन्हा रस्ता अडवायचा, पण या खेपेला चहाचा थेंब नाही. मन्नूबिया ताडकन उठली.

"माझ्या दारात माणूस अडवायचा आणि कोरडा ठेवायचा? त्यापेक्षा मला अल-करमात नेऊन पुरा!"

"तिथं निदान अंघोळ घालायला पाणी तरी मिळेल," सादोक पुटपुटला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मन्नूबिया, तुला नळाचं पाणी हवंय की नाव हवंय?"

तिला दोन्ही हवे होते. पण अल-करमाहून टोमणे ऐकून परतणाऱ्या सुनांचे पडलेले खांदे तिने पाहिले होते. ती पुन्हा खाली बसली. तरीही सादोकने चहाची किटली गवताच्या गंजीत लपवून ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात तो काहीतरी शिकला होता.

इकडे पहिल्या चहाची कीर्ती मात्र रस्त्याने धावली होती. ड्रायव्हर थांबून विचारू लागले, "मावशी, पुन्हा आंदोलन कधी?" तिने दिवस सांगून टाकला.

त्या दिवशी गाड्यांची रांग पार टेकडीमागे गेली. कित्येकजण वाट वाकडी करून आले होते. कुणी घरून साखर आणली होती. निवडुंगाच्या फांद्या टाकून व्हायच्या आत लोक खाली उतरून सावलीला बसले आणि वाट पाहू लागले. गावकरी हाताची घडी घालून उभे, चेहरे वाकडे, कारण शेगडी थंड. ऊन चढले. एक म्हातारा प्रवासी घसा खाकरून म्हणाला, "घरात कुणी आहे का हो?"

तेव्हा मन्नूबिया बाहेर आली. डोक्यावर ठेवणीतला रुमाल, हातात मोठे तबक, तबकात लखलखीत पेले. प्रत्येकात पुदिन्याचे एकच पान. लग्नघरात वाकावे तशी ती प्रत्येकापुढे वाकली.

"घ्या, पाहुणे."

कलिंगडाच्या ट्रकवाल्याने पेला तोंडाला लावला, मग उलटा केला. पान मांडीवर पडले. "अहो मावशी, यात काही नाही!"

"गावात जे असेल तेच पाहुण्यापुढे ठेवायचं, बाबा," मन्नूबिया गोड आवाजात म्हणाली. "आमच्याकडे हेच आहे. तीन उन्हाळे झाले."

मग ट्रकवाला बॉनेटवर चढला.

"तीन उन्हाळे? या बाईच्या हातचा चहा बंद पाडतात म्हणजे काय!"

त्याने पेला चमच्याने बडवायला घेतला. पाहता पाहता रांगेतले सगळे हॉर्न, पत्रे, डबे वाजू लागले. "चहा! चहा!" म्हणत माणसे डांबरावर आडवी झाली. गावकरी त्यांना समजवायला धावले, की अहो, आंदोलन आमचे आहे, तुम्ही उठा. पण पाहुणे ऐकेनात. मास्तरची मोपेड गर्दीतून पुढे जाईना. त्याने लांबूनच फोटो काढले. तालुक्याच्या साहेबांची जीपही त्याच गर्दीत अडकली. साहेब घाम पुसत खाली उतरले, तर मन्नूबियाने त्यांच्याही हातात पेला दिला, पानासकट.

दुसऱ्या दिवशी नकाशावर ठिपका उमटला, अल-करमापेक्षा मोठा. सादोकने मास्तरच्या फोनवर खालची ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

"बीर रतम. रस्ता बंद. आंदोलक: वाहनचालक. मागणी: चहा. अरे, पाणी कुठंय यात?"

"चहा काय तेलात करतात?" मन्नूबिया म्हणाली.

टँकर आला. पहिली किटली तिने टँकरवाल्यासाठीच ठेवली, गवताच्या काड्या झटकून. नळात अजून चिमणीच नांदत होती. साहेबांनी पाइप बदलतो म्हणून नुसता शब्द दिला होता. मास्तरला पेला देताना तिने विचारले, "हा ठिपका किती दिवस राहतो रे?"

"हळूहळू फिका होत जातो, मावशी."

"फिका व्हायला लागला की सांग हं," ती म्हणाली, आणि तिचा सोन्याचा दात आधी हसला. "पेले घासून ठेवलेत."